वायंडिंगच्या दुकानात सुरू होणारा विषय

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी मराठवाड्यातली, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयटी कंपनीत नोकरी लागली आहे. पण मला विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज यांचं नातं विद्यापीठात जाऊन शिकायचं आहे. हा विषय नेमका काय, कुठे शिकवतात, त्यावर पोट भरतं का, आणि माझं इंजिनिअरिंग वाया जाईल का? बाबा म्हणतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम दिसतंय, ते रविवारी कर.’

बाबांचं वाक्य वाचून हसू आलं. पण हा गैरसमज त्यांच्या एकट्याचा नाही. ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ (इंग्रजीत एसटीएस) हे या विषयाचं नाव सांगितलं की निम्म्या लोकांना वाटतं आपण शाळाशाळांतून विज्ञानाचे प्रयोग दाखवत फिरतो. उरलेल्या निम्म्यांना वाटतं आपण धरण आणि अणुभट्टी यांच्याविरुद्ध मोर्चे काढतो. ही दोन्ही कामं करणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, पण विषय तो नव्हे.

मीही इलेक्ट्रिकलचीच. चार वर्षं स्विचगिअरच्या कारखान्यात काढली, मग या विषयात पीएचडी केली आणि आता वीसेक वर्षं शिकवते आहे. तेव्हा व्याख्येने सुरुवात न करता तुम्हाला ओळखीचं असेल अशा ठिकाणी नेते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्यात कृषिपंपांची पाहणी करत होते. प्रश्नावली छापून नेली होती. त्यात एक रकाना, ‘मोटार किती एचपीची?’ साठ शेतकऱ्यांना विचारलं, साठ आकडे लिहून घेतले. तीन, पाच, पाच, साडेसात, तीन. शेवटच्या दिवशी चहा प्यायला बाजारात थांबले, तर शेजारी मोटार वायंडिंगचं दुकान. मिस्त्रींना मी मोठ्या उत्साहाने वही दाखवली. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही पाटीवरचं लिहून आणलंय. आत काय भरलंय ते आम्ही भरतो.’ आणि समोरचा स्टेटर, म्हणजे मोटारीतला तारेची वेटोळी असलेला न फिरणारा भाग, पुढे ओढला. मोटार दोनदा जळून आलेली. गावात रात्री व्होल्टेज इतकं पडतं की मूळ वायंडिंगवर ती पाणी उचलतच नाही, म्हणून त्यांनी वेटोळे कमी केले होते आणि तार जाड घातली होती. कमी व्होल्टेजला मोटार चालते, पण पुरेसं व्होल्टेज आलं की जास्त करंट ओढते. पाटी तीनचीच राहिली. बिलही तीनचंच.

माझ्या साठ आकड्यांची किंमत त्या दुकानात शून्य झाली. मार्गदर्शकांनी पाहणी पुन्हा करायला लावली, सहा महिने गेले.

आता याच दुकानातून वरच्या मजल्यावर चला. महाराष्ट्रात बऱ्याच कृषिपंपांना मीटर नाही. तिथे सत्तरच्या दशकापासून हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी चालत आली. मग शेतीला वीज किती गेली हे कसं कळणार? मंजूर हॉर्सपॉवरला अंदाजे तासांनी गुणतात. पाच एचपीची मोटार वर्षाला १,००० तास चालली असं धरलं तर ३,७३० युनिट, १,५०० तास धरलं तर ५,५९५. एका पंपामागे अठराशे-एकोणीसशे युनिटांचा फरक, आणि राज्यात पंप ४७ लाखांच्या आसपास. सगळेच बिनमीटरचे नाहीत हे धरूनही हिशेब करून बघा. एकूण वीज किती सोडली ते उपकेंद्रावर मोजलेलं असतं, त्यामुळे शेतीच्या नावावर जेवढी जास्त दाखवाल तेवढी गळती आणि चोरी कमी दिसते. म्हणजे ‘शेतकरी किती वीज खातो’ आणि ‘वितरण कंपनी किती कार्यक्षम आहे’ ही दोन उत्तरं एकाच अंदाजाच्या दोन बाजू आहेत. हा अंदाज कोण करतं, उपकेंद्रातून निघणाऱ्या कुठल्या वाहिनीवरून (फीडरवरून) करतं, त्याला हरकत कोण घेऊ शकतं? २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आता मोजायची भानगड संपली. उलट आहे. शेतकऱ्याऐवजी सरकारी तिजोरीतून पैसे जायला लागले की तो अंदाज आणखी महागडा होतो.

तुमच्या अभ्यासक्रमात हे सगळं ‘लोड’ या एका शब्दात बसतं. आमचा विषय त्या शब्दाच्या आत शिरतो. कुठल्याही यंत्राच्या, आकड्याच्या, मानकाच्या आत माणसांचे व्यवहार आधीपासून भरलेले असतात. ते कसे भरले गेले हे शोधणं, एवढंच आमचं काम. ‘तंत्रज्ञानाचा समाजावर परिणाम’ हा निबंधाचा विषय तुम्ही दहावीत लिहिला असेल. तो विसरा. त्या मांडणीत तंत्रज्ञान बाहेरून पावसासारखं पडतं आणि समाज खाली भिजत उभा असतो.

दुसरं उदाहरणही त्याच शिवारातलं. ऑटोस्विच तुम्हाला सांगायला नको. वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला आली तर दारं धरायला उठून जायचं, वाटेत साप, काही भागांत बिबट्या. म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो: लाइट आली की मोटार आपोआप सुरू. एकेकट्याचा निर्णय शहाणपणाचाच. पण एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, पंधरा-वीस मोटारी एकाच सेकंदाला उठतात, प्रत्येक सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डीपी बसते. कंपनी म्हणते ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा. कपॅसिटरचं गणित तुम्हाला पाठ असेल. पण एकट्याने लावला तर खर्च त्याचा आणि सुधारलेलं व्होल्टेज सगळ्यांचं, तेही निम्म्याअधिकांनी लावला तरच जाणवणार. पुस्तकात कपॅसिटर किती केव्हीएआरचा, म्हणजे किती क्षमतेचा, हा प्रश्न असतो. डीपीखाली तो बैठकीचा प्रश्न होतो. वीस जण एकत्र बसतील का, ज्याची दोन मोटारींची चोरून जोडणी आहे तो येईल का, डीपी उतरवून नेण्याच्या ट्रॅक्टरचं भाडं मागच्या वेळी कुणी भरलं नव्हतं. हे ‘लोकांमध्ये जागृती नाही’ असं म्हणून सोडून देणाऱ्या इंजिनिअरला व्होल्टेज कधीच सुधारता येणार नाही.

तेव्हा इंजिनिअरिंग वाया जाईल का, याचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. स्टेटर समोर आल्यावर त्यात काय बदललंय हे जिला कळतं ती आमच्याकडे दुर्मीळ. समाजशास्त्रातून येणारी मुलं वाचनात तुमच्यापेक्षा पाच वर्षं पुढे असतील. पण त्यातली बरीचशी यंत्राच्या दारापाशी थांबतात आणि आतलं तज्ज्ञांवर सोडतात. तुम्ही थांबू नका.

थोडा इतिहास, कारण मुलाखतीत विचारतात. विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून यांच्या १९६२ च्या पुस्तकाने विज्ञान कसं बदलतं याची सरळ रेषेतली गोष्ट मोडली. एडिंबरा विद्यापीठात १९६६ मध्ये विज्ञान-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. तिथल्या डेव्हिड ब्लूर यांनी १९७६ मध्ये सममितीचं सूत्र मांडलं: जे ज्ञान खरं ठरलं आणि जे खोटं ठरलं, त्या दोन्हींची कारणं एकाच पद्धतीने शोधा. खरं ठरलं त्याचं कारण ‘ते खरंच होतं’ आणि खोटं ठरलं त्याचं कारण ‘लोक अडाणी होते’, असा दुटप्पी हिशेब नको. १९८४ मध्ये ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर यांनी हेच सूत्र सायकलीला लावलं. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं असलेली ती जुनी उंच सायकल तरुण पोरांना मर्दानी वाटायची, बायकांना आणि म्हाताऱ्यांना जिवाची भीती. यंत्र एकच, पण कोण बघतंय त्यानुसार वेगळं. डनलॉपचं हवेचं टायर १८८८ मध्ये आलं ते हादरे कमी करायला. शर्यती जिंकायला लागलं तेव्हा सगळ्यांना पटलं.

सममितीच्या सूत्रावर जरा थांबते, कारण महाराष्ट्रातल्या मुलांची गाडी इथेच अडते आणि बाबांच्या शंकेचं उत्तरही इथेच आहे. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळ्या घातल्या गेल्या, त्या राज्यातल्या वर्गात मी ‘खऱ्याखोट्याची कारणं सारख्याच पद्धतीने शोधा’ म्हणते तेव्हा कुणीतरी हात वर करतंच: मॅडम, म्हणजे भोंदू आणि डॉक्टर सारखेच का? नाहीत. मग मी पाणाड्याचं उदाहरण देते. बोअर घ्यायच्या आधी तळहातावर नारळ ठेवून शिवारभर चालणारा पाणाड्या आजही बोलावतात; अगदी कृषी पदवीधरही बोलावतात. नारळ उभा राहण्याचा आणि खालच्या पाण्याचा काही संबंध नाही, यावर माझं आणि अंनिसच्या कार्यकर्त्याचं पूर्ण एकमत आहे. पण कार्यकर्त्याचा प्रश्न तिथे संपतो आणि माझा सुरू होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात एका बोअरला पाणी आणि वीस फुटांवर कोरडा फुफाटा, हे रोजचं. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो. घरातले दीड-दोन लाख पणाला लागलेले. भूवैज्ञानिक गाठायचा तर जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज. पाणाड्या मात्र सकाळी सहाला हजर असतो, शेत पायाखाली घालतो, बांधावरची झाडं बघतो, शेजारच्या विहिरी कधी आटतात ते विचारतो, आणि मुख्य म्हणजे एका जागेवर बोट ठेवतो. भावाभावांत कुठे बोअर घ्यायची यावरून भांडण असेल तर तेही मिटतं. हे कळल्यावर पाणाड्याला प्रमाणपत्र द्यायचं नसतं. पण तालुक्याला भूवैज्ञानिक नसेल तर नुसतं प्रबोधन का पुरत नाही, हे दिसतं. माझ्या मते महाराष्ट्रात दोन्ही कामं लागतात. बाबांना सांगा, रविवारचं काम आणि सोमवारचं काम वेगळं आहे, पण भांडण नाही.

आणखी एक भ्रम लवकर मोडून घ्या: लोक म्हणजे नव्या तंत्रज्ञानाला घाबरणारे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात, अकोली जहागीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागत. दिल्लीतल्या चर्चासत्रात ‘जनुकीय बियाण्याला शेतकऱ्यांचा विरोध’ या विषयावर बोलायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याची ‘मग अकोल्यात पेरणारे कोण?’ या प्रश्नावर भंबेरी उडाली होती. तुमचं मत काहीही असो, आधी शिवारात कोण काय मागतंय ते ऐकायचं.

आता कुठे शिकायचं. इंजिनिअरला सर्वांत सोयीचं दार म्हणजे आयआयटी मुंबईचं सितारा हे केंद्र. ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाच्या कामातून ते १९८५ मध्ये उभं राहिलं, आणि २००७ पासून तिथे ‘तंत्रज्ञान आणि विकास’ यात एमटेक आहे. गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, गेटवर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि मुलांना गावात राहून काम करावं लागतं. त्या केंद्राचा कल प्रश्न सोडवण्याकडे आहे. पाणी, वीज, गावची नळयोजना. तात्त्विक चर्चा कमी. तुम्हाला आता हेच हवं असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटतं. तात्त्विक आणि धोरणाचं अंग हवं असेल तर दिल्लीत जेएनयूमधलं विज्ञान धोरण अभ्यास केंद्र, गुजरात केंद्रीय विद्यापीठातलं याच धर्तीचं केंद्र, बंगळूरची एनआयएएस ही संशोधन संस्था, आणि बहुतेक आयआयटींचे मानव्यविद्या विभाग. एमफिल आता बंद झालंय. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर नियमाने थेट पीएचडीला अर्ज करता येतो, पण तसं करू नका. मधली दोन वर्षं वाचनाची आणि शिवाराची हवीतच. मी चार वर्षं कारखान्यात काढून आले तरी वर सांगितलेला साठ आकड्यांचा घोटाळा केलाच.

प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत या विषयाचा स्वतंत्र पेपर नाही. आमची मुलं समाजशास्त्रातून देतात, काही अर्थशास्त्रातून. म्हणजे एमटेक करतानाच समाजशास्त्राचा अभ्यास समांतर सुरू ठेवावा लागतो. त्याच परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पुढे प्राध्यापकाची जागा निघते तेव्हा जाहिरातीत पात्रता ‘समाजशास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ अशी असते आणि तुमची एमटेक. छाननी समितीत हा कागद अडकलेला मी अनेकदा पाहिला आहे. यावर उपाय म्हणजे आयआयटी, आयसर यांसारख्या, पात्रतेची व्याख्या थोडी सैल ठेवणाऱ्या संस्था. पण जागा मोजक्या.

परदेशाचं एवढंच सांगते. नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुधा पगारी नोकरी असते, अमेरिकेत कॉर्नेल किंवा एमआयटीसारख्या ठिकाणी पीएचडीला पूर्ण आर्थिक साहाय्य असतं. ब्रिटनमध्ये एक वर्षाची मास्टर्स असते, एडिंबरा आणि ससेक्स ही त्यातली जुनी नावं, आणि ती बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. कर्ज काढून ती एक वर्षाची पदवी घेऊ नका. हे माझं ठाम मत आहे, त्यावरून माझं सहकाऱ्यांशी भांडण होतं.

पोट भरतं का? भरतं, पण विद्यापीठाबाहेर जास्त चांगलं भरतं. पुण्यातला प्रयासचा ऊर्जा गट बघा. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार नव्वदच्या दशकात ज्यांनी ओळ न् ओळ वाचून, गणितं मांडून लोकांसमोर ठेवला, त्यात ते होते. १९९८ च्या कायद्याने वीज नियामक आयोग आले आणि दरवाढीवर जाहीर सुनावणी घ्यावी लागायला लागली, तेव्हा त्या सुनावणीत उभं राहून ‘शेतीची ही युनिटं तुम्ही कुठून आणली?’ असं विचारणाऱ्या माणसांची गरज तयार झाली. ती आजही भागलेली नाही. धोरणांचा अभ्यास करणाऱ्या बंगळूरची सीस्टेप आणि दिल्लीची सीईईडब्ल्यू, भूजलावर काम करणारी पुण्याची अक्वाडॅम, पाणलोटवाली वॉटर (डब्ल्यूओटीआर) ही संस्था, अशा ठिकाणी माझे विद्यार्थी आहेत. सुरुवातीचा पगार आयटीच्या सुरुवातीच्या पगाराच्या आसपास असतो. दहा वर्षांनी नसतो. तुमच्या वर्गातले मित्र तोवर पुण्यात फ्लॅट घेऊन मोकळे होतील. हे घरी आत्ताच सांगून ठेवा, नंतर सांगायला जड जातं.

एक गोष्ट अवघड जाईल ती भाषेची. आमचं सगळं सैद्धांतिक वाचन इंग्रजीत, आणि ते इंग्रजी तुमच्या पाठ्यपुस्तकांसारखं सरळ नसतं. पहिल्या सत्रात प्रत्येकाला वाटतं आपण मूर्ख आहोत. तिसऱ्यात कळतं की निम्मा दोष लेखकांचा होता. पण शिवारातली सामग्री मराठीत आहे. शासन निर्णय, सुनावणीतली निवेदनं, ग्रामपंचायतीचे ठराव, वायरमनची बोली. दिल्लीतल्या हुशार संशोधकाला ‘आकडा’ शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम ऐकू येत नाहीत. तुम्हाला येतात.

हापशाचं सांगायचं राहिलं, तेही सांगते, कारण प्रबंधाचा विषय शोधताना मुलं नेहमी मोठं काहीतरी शोधतात: एआय, आधार, अणुऊर्जा. गावातला तो लोखंडी हापसा, इंडिया मार्क टू, तुमच्याच भागाच्या इतिहासातून आला आहे. आधी बसवलेले बिडाचे पंप परसातल्या, एका कुटुंबासाठीच्या पंपांच्या नकला होत्या. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागल्यावर ते मोडायचे. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांमधल्या कारागिरांनी पोलादी, दणकट पंप घडवले. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी होती, त्यामुळे ओढ सरळ उभी लागायची. त्यावरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने मार्क टू उभा राहिला आणि जगभर गेला. पण तो बिघडला की पाइप बाहेर काढायला पंचायत समितीचं पथक, गाडी, पाना लागायचा. मार्क थ्रीमध्ये पाइपच रुंद केला, ३२ मिलिमीटरचा ६५, म्हणजे आतला दट्ट्या पाइप न काढता वर ओढता येईल आणि गावातलाच माणूस किंवा बाई दुरुस्ती करेल. पाइपाचा व्यास वाढवला म्हणजे दुरुस्तीचा हक्क तालुक्याकडून गावाकडे सरकवायचा प्रयत्न केला. झिम्बाब्वेच्या पंपावर मारियान द लाएट आणि अ‍ॅनमरी मोल यांनी २००० साली लिहिलेला लेख आमच्याकडे जगभर शिकवतात. जालना-सोलापूरच्या पंपावर मराठीत तसं काम मी पाहिलेलं नाही, आणि ते कारागीर आता म्हातारे झाले असणार.

नोकरीचं पत्र फाडू नका. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मिळते का विचारा, गेटचा फॉर्म भरा. मधल्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तालुक्यातल्या एखाद्या वायंडिंगच्या दुकानात आठवडाभर बसा. मिस्त्रींना आधी नीट विचारा, कशासाठी बसताय ते सांगा. प्रश्नावली नेऊ नका, फोन खिशात ठेवा, साधी वही न्या. कोणती मोटार कितव्यांदा आली, कुठल्या गावची, आधीची तार कुठल्या गेजची आणि नवी कुठल्या, पैसे रोख की सुगीवर, एवढं लिहा. डीपी जळाली की दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होते. तो दिवस चुकवू नका.